परग्रहावरचं बुद्धिमान कोणी अजून का सापडलं नाही? आपण आजवर नेमकं किती ऐकलं त्याचा हिशेब

रहिमतपूरच्या एका मुलाने मला प्रश्न लिहून पाठवला आहे. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला फिजिक्स शिकतो. तो विचारतो: “मॅडम, १९६० पासून परग्रहावरच्या बुद्धिमान जीवांचा शोध चालू आहे. दुर्बिणी एवढ्या मोठ्या झाल्या, ग्रहसुद्धा हजारो सापडले. तरी कोणीच कसं सापडलं नाही? बाहेर कोणी नाहीच, असं समजायचं का?” माझी सगळी नोकरी रेडिओ दुर्बिणींच्या रिसिव्हरवर काम करण्यात गेली. आता साताऱ्यात स्थायिक आहे, आणि हा प्रश्न मला मनापासून आवडतो. म्हणून उत्तर जरा लांबवते.

आधी माझं मत सांगून टाकते. आजवर जेवढं ऐकून झालं आहे तेवढ्यावर ‘बाहेर कोणी नाही’ असं म्हणता येत नाही, कारण ऐकून झालेला भाग फारच छोटा आहे. तरीही पृथ्वीचा इतिहास पाहिला की मला वाटतं, रेडिओ बनवणारे जीव आपल्या आकाशगंगेत एका वेळी फार थोडे असावेत. पहिलं विधान मोजमापाचं आहे, त्याबद्दल मी खात्रीने बोलेन. दुसरा माझा अंदाज आहे. तो कशावर उभा आहे तेही सांगते, म्हणजे तुला तो खोडून काढता येईल.

शोध म्हणजे प्रत्यक्षात काय करतात, तिथून सुरुवात करू. १९५९ मध्ये ज्युसेप्पे कोक्कोनी आणि फिलिप मॉरिसन यांनी ‘नेचर’मध्ये एक छोटा लेख लिहिला. हायड्रोजनचा अणू १४२० मेगाहर्ट्झला, म्हणजे २१ सेंटिमीटर तरंगलांबीवर, स्वतःहून रेडिओ लहरी सोडतो. विश्वात सगळ्यात जास्त असलेलं हे मूलद्रव्य. कोणत्याही ग्रहावरच्या खगोलशास्त्रज्ञाला ही वारंवारता माहीत असणारच, तर तिथेच कान लावा, असं त्यांचं म्हणणं. १९६० मध्ये फ्रँक ड्रेक यांनी अमेरिकेत ग्रीन बँकच्या २६ मीटरच्या डिशने टाऊ सेटी आणि एप्सिलॉन एरिडानी या दोन जवळच्या ताऱ्यांकडे तसे कान लावले. एकच चॅनेल, तोच हळूहळू सरकवत न्यायचा. तू म्हणतोस तो ‘१९६० पासूनचा शोध’ इथून सुरू होतो.

आता एका वेळी कोट्यवधी चॅनेल पाहता येतात. इतके बारीक चॅनेल कशासाठी, ते नीट समजून घे. निसर्गातले रेडिओ स्रोत पसरट असतात. तारे, वायूचे ढग, दीर्घिका, सगळ्यांची लहर वारंवारतेच्या मोठ्या पट्ट्यात विखुरलेली असते. अगदी अरुंद म्हणावेत असे नैसर्गिक मेसर (वायूच्या ढगांमधले, लेझरसारखे वागणारे रेडिओ स्रोत) घेतले तरी त्यांची रुंदी शेकडो हर्ट्झ भरते. एक हर्ट्झपेक्षा अरुंद लहर मात्र यंत्रच काढू शकतं. म्हणून आपण आकाशात ती सुईसारखी उभी रेघ शोधतो. शिवाय ती रेघ हळूहळू सरकायला हवी. त्यांचा ग्रह फिरतो, आपली पृथ्वी फिरते, त्यामुळे डॉप्लरच्या नियमाने वारंवारता बदलत राहते. जागची अजिबात न हलणारी रेघ दिसली, की तिचा उगम बहुतेक आपल्याच आवारात असतो.

आणि खरं दुखणं तिथेच आहे. अरुंद-रुंद सगळ्या तऱ्हेच्या रेडिओ लहरी काढणारी यंत्रं आपल्या पृथ्वीवर अब्जांनी आहेत. मोबाइल, टॉवर, उपग्रह, विमानं, वायफाय, एलईडी दिव्यांचे स्वस्त ड्रायव्हर. माझ्या कामाचा मोठा भाग हा आपला स्वतःचा गोंगाट ओळखून बाजूला काढण्यात गेला. त्याला आम्ही आरएफआय, म्हणजे रेडिओ फ्रिक्वेन्सी इंटरफिअरन्स, म्हणायचो. रोज संध्याकाळी ठरावीक वेळेला एक सिग्नल यायचा. जीपवर सिग्नलची दिशा दाखवणारी यागी अँटेना आणि वारंवारता दाखवणारा स्पेक्ट्रम अॅनालायझर बांधून आम्ही गावोगाव फिरलो, तर एका वस्तीवर टीव्हीच्या अँटेनाचा बूस्टर बिघडून स्वतःच लहरी सोडत होता. घरचे मालिका लावायचे, की आमच्या पडद्यावर सिग्नल हजर. त्यांना दुसरा बूस्टर बसवून दिला आणि तो सिग्नल बंद झाला. विजेच्या खांबावर सैल झालेला इन्सुलेटर ठिणग्या टाकतो, त्याचाही असाच माग काढावा लागतो.

मोठमोठ्या वेधशाळाही यातून सुटलेल्या नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीवर काही चमत्कारिक झटके वर्षानुवर्षं नोंदले जात होते. २०१५ मध्ये उलगडा झाला: वेधशाळेतल्या मायक्रोवेव्ह ओव्हनचं दार तो बंद व्हायच्या आधीच कोणी उघडलं, की तो झटका यायचा. त्याच दुर्बिणीने २०१९ मध्ये प्रॉक्सिमा सेंटॉरी या ताऱ्याच्या दिशेने ९८२ मेगाहर्ट्झला एक अरुंद, सरकणारा सिग्नल टिपला. तो साठवलेल्या नोंदींमधून पुढच्या वर्षी शोधून काढला एका इंटर्नशिप करणाऱ्या विद्यार्थ्याने, हे तू लक्षात ठेव. सगळ्या प्राथमिक कसोट्यांना तो उतरला होता. मग बारकाईने तपासलं, तेव्हा तसेच दिसणारे सिग्नल इतर वारंवारतांवरही सापडले, आणि त्यांच्यातलं अंतर साध्या इलेक्ट्रॉनिक घड्याळांच्या वारंवारतांशी जुळत होतं. २०२१ मध्ये निकाल जाहीर झाला की ते पृथ्वीवरचंच काहीतरी होतं.

यावर मुख्य उपाय साधा आहे. डिश पाच मिनिटं ताऱ्याकडे, मग पाच मिनिटं बाजूला, पुन्हा ताऱ्याकडे, पुन्हा बाजूला. ताऱ्याकडे असताना दिसतो आणि बाजूला नेल्यावर जातो, असा सिग्नल हवा. असं तीनदा जमलं पाहिजे. १९७७ च्या १५ ऑगस्टला ओहायोतल्या दुर्बिणीवर आलेला तो प्रसिद्ध ‘वॉव’ सिग्नल या कसोटीला कधी लागलाच नाही. ७२ सेकंद आला, पुन्हा कधीच नाही. जो परत पाहता येत नाही त्याबद्दल काहीही ठरवता येत नाही, म्हणून मी त्यावर वेळ घालवत नाही.

आता आकडे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘ब्रेकथ्रू लिसन’ या प्रकल्पाने ग्रीन बँक आणि पार्क्स इथून जवळच्या १,३२७ ताऱ्यांचा अभ्यास केला आणि २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. हे तारे साधारण १६० प्रकाशवर्षांच्या आत होते आणि पट्टा होता १.१० ते ३.४५ गिगाहर्ट्झ. काही सापडलं नाही. बातमीत एवढंच येतं. पण त्या निष्कर्षाचा नेमका अर्थ असा: या १,३२७ ताऱ्यांपैकी कोणीही, आपण पाहत होतो त्या वेळी, या पट्ट्यात, एका ठरावीक शक्तीपेक्षा जोरदार अरुंद सिग्नल आपल्या दिशेने पाठवत नव्हतं. आणि ‘पाहत होतो त्या वेळी’ म्हणजे किती? एका ताऱ्यामागे पाच-पाच मिनिटांचे तीन तुकडे. पंधरा मिनिटं. तिकडचा ट्रान्समीटर सोळाव्या मिनिटाला सुरू झाला असेल, किंवा पाच गिगाहर्ट्झवर असेल, किंवा लेझरचा असेल, तर हा निष्कर्ष त्याबद्दल एक अक्षरही बोलत नाही. आपल्या आकाशगंगेत तारे आहेत किमान दहा हजार कोटी.

तू म्हणशील, जोरदार सिग्नल नको, पण त्यांचा रोजचा गोंगाट तरी ऐकू यायला हवा होता. त्यांचे टीव्ही, त्यांचे टॉवर. इथे मी तुला एक खरा हिशेब करून दाखवते, कारण त्यातला धडा मला फार मोलाचा वाटतो.

नारायणगावजवळ खोडदला जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप आहे, आपण जीएमआरटी म्हणतो ती. गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली, ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. १९ ऑक्टोबर २०१६ ला युरोपचं ‘स्कियापरेली’ यान मंगळावर उतरत होतं. त्याचा ट्रान्समीटर काही वॉटचा, ४०१ मेगाहर्ट्झच्या आसपास. तो क्षीण सिग्नल जीएमआरटीने सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटरवरून पकडला. यान शेवटी कोसळलं, पण खाली उतरतानाचा त्याचा बराचसा प्रवास खोडदला ऐकू येत होता. मराठी मुलखातल्या माळावरून मंगळाजवळचे काही वॉट ऐकले, याचा मला आजही अभिमान वाटतो.

आता तोच ट्रान्समीटर उचलून सूर्यानंतरच्या सगळ्यात जवळच्या ताऱ्याजवळ, प्रॉक्सिमा सेंटॉरीजवळ ठेव. अंतर ४.२४ प्रकाशवर्षं, म्हणजे अंदाजे ४० लाख कोटी किलोमीटर. मंगळाच्या त्या दिवशीच्या अंतराच्या सव्वादोन लाख पट. लहरीची तीव्रता अंतराच्या वर्गाने घटते, म्हणजे सिग्नल पाच हजार कोटी पटींनी क्षीण होणार. तो इथे तेवढाच ऐकू यायचा असेल तर, मूळ ट्रान्समीटर तीन वॉटचा धरून, तिकडे तीन वॉटच्या जागी पंधरा हजार कोटी वॉट लागतील. कोयनेच्या सगळ्या टप्प्यांची मिळून वीजनिर्मितीची क्षमता १,९६० मेगावॉट आहे. म्हणजे कोयनेसारखे पंचाहत्तरहून जास्त प्रकल्प, पूर्ण क्षमतेने, फक्त एका ट्रान्समीटरसाठी. आणि हा झाला सगळ्यात जवळचा तारा. शंभर प्रकाशवर्षांवरच्या ताऱ्यासाठी यालाही आणखी साडेपाचशेने गुण.

त्यामुळे परग्रहवासी आपले जुने टीव्हीचे कार्यक्रम पाहत असतील, ही लोकप्रिय कल्पना विसरून जा. आपल्याएवढ्याच दुर्बिणी त्यांच्याकडे असतील तर चित्र सोडाच, सिग्नल आहे हेही त्यांना कळणार नाही. शिवाय आपला गोंगाट दिवसेंदिवस ओळखायला अवघड होतोय. डिजिटल प्रक्षेपण लांबून पाहिलं तर साध्या खरखरीसारखं दिसतं, आणि बरंच संभाषण आता फायबरमधून जातं. शंभर वर्षांपूर्वी आपण रेडिओवर दिसू लागलो आणि आणखी शंभर वर्षांत कदाचित पुन्हा दिसेनासे होऊ.

रोखून पाठवलेला झोत मात्र वेगळा. अरेसिबोच्या ३०५ मीटरच्या डिशवर ग्रहांच्या अभ्यासासाठी दहा लाख वॉटचा रडार होता. डिश तो सगळा जोर एका अरुंद झोतात आणायची, त्यामुळे त्या दिशेला तो दोन कोटी पट जोरदार भासायचा. असा रडार प्रॉक्सिमावर असता आणि आपल्याकडे रोखलेला असता, तर खोडदएवढ्या संवेदनशील दुर्बिणीला, ती त्या ताऱ्याकडे आणि त्या वारंवारतेवर लावता आली तर, सहज ऐकू आला असता. पण दोन कोटी पट फायदा मिळतो तो आकाशाच्या दोन कोटीव्या भागापुरता. बाकीच्या आकाशाला जवळपास काहीच नाही. आपण स्वतः तरी कितीदा असा संदेश पाठवला? अरेसिबोवरून १९७४ मध्ये एम १३ या तारकागुच्छाकडे एक संदेश गेला, तीन मिनिटांहूनही कमी वेळ. पोचायला पंचवीस हजार वर्षं लागतील. त्या ताऱ्यांवर कोणी ऐकत असलंच आणि त्या तीन मिनिटांत त्यांची डिश बाजूला वळलेली असली, तर तेही लिहून ठेवतील: काही सापडलं नाही.

या सगळ्या मिती एकत्र धरल्या तर शोध किती झाला? दिशा, अंतर, वारंवारता, सिग्नलची रुंदी, जोर, तो किती वेळाने पुन्हा येतो, असं सगळं. पेन्सिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीतले जेसन राइट आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये हा हिशेब मांडला. त्यांच्या मते, पृथ्वीवरचे सगळे महासागर म्हणजे शोधायची एकूण जागा धरली, तर आजवर पाहून झालं ते घरच्या एखाद्या मोठ्या हौदाएवढं. महासागर आपल्या अंगवळणी नाहीत, म्हणून मी ते प्रमाण कोयनेला लावून पाहिलं. शिवसागर काठोकाठ भरला की १०५ टीएमसी पाणी असतं. त्या प्रमाणात त्यातलं आपण तपासलं ते एका थेंबाचा तिसरा हिस्सा. तेवढ्यावर धरणात मासा नाही असं कोणी म्हणेल का? तुझ्या प्रश्नाच्या अर्ध्या भागाचं उत्तर इथे संपतं.

उरलेला अर्धा भाग अवघड आहे, आणि तो मला जास्त खोल वाटतो. समजा धरणभर पाणी तपासायची सोय झाली. तरी मासे किती असतील?

यासाठी काळाकडे पाहावं लागतं, आणि साताऱ्यात बसून काळाकडे पाहणं सोपं आहे. अजिंक्यताऱ्याचा काळा कातळ, कास पठाराच्या जांभ्याखालचा दगड, महाबळेश्वरच्या कड्यांमधल्या एकावर एक आडव्या पायऱ्या, हे सगळं लाव्हाचे थर आहेत. भूशास्त्रज्ञ दख्खनच्या लाव्हाच्या वरच्या थरांच्या एका गटाला वाईचंच नाव देतात, आणि त्यातल्या एकाला महाबळेश्वरचं. वय साधारण सहा कोटी साठ लाख वर्षं. त्याच सुमारास, हा लाव्हा वाहत असतानाच, आजच्या मेक्सिकोच्या युकातान किनाऱ्यावर दहाएक किलोमीटरचा लघुग्रह आदळला आणि डायनोसॉर संपले, फक्त पक्ष्यांच्या रूपाने उरले. विनाशात लाव्हाचा वाटा किती आणि लघुग्रहाचा किती, यावर अजून वाद चालू आहे. माझ्या दृष्टीने महत्त्वाचं हे की डायनोसॉरांना पृथ्वीवर सोळा कोटी वर्षांहून जास्त काळ मिळाला होता. त्यांच्यात डोळे होते, कळप होते, पिल्लांची काळजी घेणारे आईबाप होते. रेडिओ कोणी बनवला नाही. त्या दिशेने काही चाललं होतं असंही दिसत नाही. तो लघुग्रह थोडा आधी किंवा नंतर त्या जागेवरून गेला असता, तर सस्तन प्राणी कदाचित अजून उंदराएवढेच राहिले असते आणि तुझा प्रश्न विचारायला कोणी नसतं.

आणखी मागे जा. पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी वर्षं. सूक्ष्मजीव किमान ३५० कोटी वर्षांपासून आहेत, म्हणजे पृथ्वी थोडी थंड झाली आणि भूशास्त्राच्या मापाने लवकरच जीव आले. पण त्यानंतर दीडशे कोटी वर्षांहून जास्त काळ इथे फक्त केंद्रक नसलेल्या साध्या पेशी होत्या. मग एका पेशीने दुसरीला आत घेतलं, ती आतच टिकली आणि तिची मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा भाग, झाली. झाडं, बुरशी, प्राणी, सगळ्या गुंतागुंतीच्या जीवांचं मूळ त्या एका घटनेत आहे. आपल्याला माहीत असलेल्या साडेतीनशे कोटी वर्षांत ती यशस्वी झाल्याचा पुरावा एकदाच मिळतो. डोळा उत्क्रांतीत अनेकदा स्वतंत्रपणे तयार झाला, पंख अनेकदा झाले. हुशारीसुद्धा कावळ्यात आहे, डॉल्फिनमध्ये आहे, ऑक्टोपसमध्ये आहे. पण ही पेशींची जोडणी एकदाच, आणि रेडिओ एकदाच. म्हणून मला वाटतं की साधे जीव बऱ्याच ठिकाणी असतील, आणि तिथून पुढची वाट फारच थोड्या ठिकाणी पार होत असेल. एकाच ग्रहावरून काढलेला अंदाज आहे हा, त्यात धोका आहे. पण दुसरा ग्रह अजून हाती नाही.

आता असं धर, कुठल्याशा ताऱ्यावरून कोणी पृथ्वीच्या आयुष्यातला एक क्षण डोळे मिटून निवडला आणि त्या क्षणी आपला आवाज ऐकायचा प्रयत्न केला. जगदीशचंद्र बोस कोलकात्यात रेडिओ लहरींचे प्रयोग दाखवत होते त्याला साधारण १३० वर्षं झाली. ४५४ कोटींत १३०. यशाची शक्यता साडेतीन कोटींत एक. उरलेल्या वेळी त्यांना पृथ्वी मुकी वाटली असती, इथे समुद्र जीवांनी भरलेले असतानाही.

हीच गोष्ट सगळ्या आकाशगंगेला लाव. उदार मनाने समजू की गेल्या पाचशे कोटी वर्षांत आकाशगंगेत एक लाख संस्कृती उदयाला आल्या आणि प्रत्येक दहा हजार वर्षं रेडिओवर बोलत राहिली. आपल्या १३० वर्षांपुढे दहा हजार म्हणजे पुष्कळ. एका वेळी सरासरी किती बोलत असतील? एक लाख गुणिले दहा हजार भागिले पाचशे कोटी. उत्तर येतं ०.२. एकसुद्धा नाही. १९६१ मध्ये ड्रेक यांनी अशा संस्कृतींची संख्या काढायचं जे समीकरण मांडलं त्याचा शेवटचा घटक म्हणजे संस्कृती किती काळ टिकते हा आकडा, आणि बाकी सगळे घटक कितीही बरे निघाले तरी हा छोटा असला की उत्तर छोटंच राहतं. वर्गात हे समीकरण शिकवताना ग्रहांच्या संख्येवर खूप वेळ जातो. मी शेवटच्या घटकापासून सुरू करते.

याच्या विरुद्ध एक जोरदार युक्तिवाद आहे, आणि तो टाळून पुढे जाणं बरोबर नाही. १९५० मध्ये लॉस अलामोसला जेवणाच्या टेबलावर एन्रिको फर्मींनी विचारलं होतं, सगळे आहेत कुठे? १९७५ मध्ये मायकेल हार्ट यांनी तो विचार नीट मांडला. बोलत बसायची गरजच काय, ते पसरले असते की. ‘व्हॉयेजर १’ हे आपलं अवकाशयान सेकंदाला १७ किलोमीटर वेगाने चाललंय. प्रॉक्सिमाएवढं अंतर कापायला त्याला पंचाहत्तर हजार वर्षं लागतील. पण त्याच वेगाने एक लाख प्रकाशवर्षं रुंदीची आकाशगंगा आरपार करायला पावणेदोनशे कोटी वर्षं पुरतात, आणि आकाशगंगा हजार कोटी वर्षांहून जुनी आहे. वेग शंभरपट केला तर दोन कोटी वर्षांच्या आतच. म्हणजे एखादीच संस्कृती चिवटपणे पसरत राहिली असती तरी ती आत्तापर्यंत सगळीकडे असायला हवी होती.

मला हा युक्तिवाद गंभीर वाटतो. याला दोन उत्तरं आहेत. एक, यात कोट्यवधी वर्षं न थकता, न थांबता पसरत राहणारी इच्छा गृहीत धरली आहे, आणि तसा अनुभव आपल्याकडे कुठल्याच संस्कृतीचा नाही. दुसरं, आपल्या सूर्यमालेतच आपण नीट पाहिलेलं नाही. लघुग्रहांच्या पट्ट्यात व्हॉयेजरएवढं एखादं मृत यान फिरत असेल तर ते आपल्याला दिसणार नाही. पण तरीही या युक्तिवादाचं वजन उरतंच. २०१५ मध्ये एका गटाने ‘वाइज’ या अवकाश दुर्बिणीच्या नोंदींमधून सुमारे एक लाख दीर्घिका अवरक्त प्रकाशात तपासल्या. ताऱ्यांची बहुतेक ऊर्जा वापरून टाकणारी संस्कृती असेल तर तिची उष्णता तिथे दिसायलाच हवी. तशी एकही दीर्घिका सापडली नाही. हे मौन रेडिओच्या मौनापेक्षा जास्त बोलकं आहे, कारण इथे तपासणी रुंद होती आणि कोणी आपल्या दिशेने पाहण्याची गरज नव्हती. माझा कल ‘फार थोडे’ याकडे झुकतो तो यामुळेही.

ते आपल्याला मुद्दाम लांबून पाहत आहेत, प्राणिसंग्रहालयात पाहावं तसं, असंही एक म्हणणं १९७३ पासून आहे. ते खोडता येत नाही आणि तपासताही येत नाही, म्हणून माझ्या उपयोगाचं नाही. उडत्या तबकड्यांच्या बातम्यांबद्दलही तेवढंच. मला परत पाहता येईल असं काहीतरी द्या, मी रात्रभर जागेन.

शोध आता फक्त रेडिओवर राहिलेला नाही, हे चांगलं झालं. १९९५ मध्ये सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह सापडला, आज ही संख्या सहा हजारांपलीकडे आहे. काही ग्रहांच्या वातावरणातले वायू ओळखता येऊ लागले आहेत. तिथे सापडला तर सूक्ष्मजीवांचा माग सापडेल, आणि माझ्या अंदाजाप्रमाणे तोच आधी सापडेल. आपल्याकडे या दिशेचा विचार जयंत नारळीकरांनी फार आधी केला. कोल्हापुरात जन्मलेल्या या माणसाने इस्रोच्या मदतीने हैदराबादहून मोठे बलून सोडून वीस ते एक्केचाळीस किलोमीटर उंचीवरची हवा गोळा करवली. २००५ च्या उड्डाणातल्या नमुन्यांत जिवाणूंच्या तीन नव्या प्रजाती मिळाल्या, अतिनील किरणांना दाद न देणाऱ्या. त्या बाहेरून आल्या असं सिद्ध झालं नाही, आणि निष्कर्षातही तेवढंच सांगितलं गेलं. मोठा प्रश्न घ्यायचा, तपासता येईल असा त्याचा लहान तुकडा करायचा आणि उत्तर जेवढं मिळालं तेवढंच सांगायचं, ही पद्धत मला शिकण्यासारखी वाटते.

रेडिओत पुढचं मोठं पाऊल म्हणजे ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेत उभी राहत असलेली स्क्वेअर किलोमीटर अॅरे. भारत त्यात सहभागी आहे, केंद्र सरकारने त्यासाठी १,२५० कोटी रुपये मंजूर केले आहेत. तिच्यासाठीच्या सॉफ्टवेअरवर आपली माणसं काम करत आहेत. तू एम.एस्सी. करून बाहेर पडशील त्या सुमारास तिथे हात लागतील.

आणि तोवर थांबायचं कारण नाही. ब्रेकथ्रू लिसनच्या नोंदी सगळ्यांसाठी खुल्या आहेत. पायथन येत असेल तर ताऱ्याकडच्या आणि बाजूच्या निरीक्षणांची तुलना तू लॅपटॉपवर करू शकतोस. सरावासाठी व्हॉयेजर १ च्या सिग्नलची फाइल घे. तो खरोखर आपल्या सूर्यमालेतल्या ग्रहांपलीकडून आलेला, यंत्राने बनवलेला सिग्नल आहे, त्यामुळे ती सरकणारी अरुंद रेघ कशी दिसते ते डोळ्यांत बसेल.

त्याहून बरं, एक अँटेना बनव. पुठ्ठ्याला अॅल्युमिनियमचा पत्रा किंवा फॉइल लावून भोंग्याच्या आकाराची हॉर्न अँटेना घरी होते. तिला १४२० मेगाहर्ट्झचा फिल्टर असलेला, क्षीण सिग्नल मोठा करणारा लो नॉइज अॅम्प्लिफायर आणि एसडीआर डोंगल, म्हणजे लॅपटॉपला लावायचा छोटा रेडिओ रिसिव्हर, जोड. काही हजार रुपयांत काम होतं, दोघा-तिघांनी वाटून घ्या. श्रावण-भाद्रपदात रात्री हंस तारकासमूह डोक्यावरून थोडा उत्तरेला येतो, आकाशगंगेचा पट्टा तिथूनच जातो. अँटेना तिकडे रोख, मग पट्ट्यापासून दूर रोख, आणि दोन्ही आलेखांची वजाबाकी कर. पावसाळ्यात चार महिने आपलं आकाशदर्शन बंद असतं, पण २१ सेंटिमीटरच्या लहरीला ढगांची अडचण नाही. फक्त डोंगल भिजू देऊ नकोस. १४२०.४ मेगाहर्ट्झच्या आसपास हायड्रोजनचा उंचवटा दिसेल, आणि वायू आपल्याकडे किंवा आपल्यापासून दूर जात असल्यामुळे तो काही दहा ते काही शे किलोहर्ट्झ बाजूला सरकलेला असेल. घरातले एलईडी आणि चार्जर आधी बंद कर, नाहीतर पहिल्या रात्री तुला फक्त तुमचंच घर ऐकू येईल. आलेख मिळाला की तारीख, वेळ आणि अँटेनाची दिशा लिहून मला पाठव. काय चुकलंय ते दोघं मिळून शोधू.